पन्नाशीच्या आसपास कपाट परत कसं लावायचं: आधी माप, मग टेलर, बाजार सगळ्यात शेवटी

मागच्या वर्षी इथे इंदूरच्या राजेंद्रनगरात भाच्याची मुंज होती, आणि आदल्या रात्री मी पलंगावर चौदा ब्लाऊज मांडून बसले होते, त्यातल्या फक्त दोघांचे हुक लागले. बाकीचे बारा एकतर दंडात अडकत होते नाहीतर मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या घेरात, काचत होते. वजन म्हणाल तर काट्यावर जेमतेम चार किलो वाढलेलं. तेव्हा मी ४८ वर्षांची होते आणि खरं सांगते, त्या रात्री फार वाईट वाटलं, आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटत राहिलं. नंतर कळलं की चूक माझी नव्हती आणि बिचाऱ्या ब्लाऊजांचीही नव्हती, फक्त माप दहा वर्षं जुनं होतं. त्यानंतरच्या चार महिन्यांत आठ हजार रुपयांत मी कपाट परत उभं केलं आणि आता सकाळी ऑफिसला निघताना कपाटासमोर पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. माझ्या नणंदेने आणि शेजारच्या वहिनींनी विचारलं म्हणून कसं केलं ते सगळं लिहून काढते आहे. ज्यांनी हे कधीच केलेलं नाही, ज्यांचे कपडे आजवर आईने, सासूबाईंनी किंवा दुकानदाराने ठरवले, त्यांच्यासाठी खास.

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे जीव हलका होईल. पाळी जायच्या आसपास शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होत जातं आणि चरबी साठायची जागाच बदलते, म्हणजे आधी जी मांड्यांवर आणि कमरेच्या खाली जायची ती आता पोटावर येते. दंड भरतात, पाठ थोडी रुंद होते, पायसुद्धा पसरतात, म्हणून जुनी चप्पल चावायला लागते. यामुळे वजन तेच असलं तरी जुना कुर्ता सीटवर (म्हणजे नितंबांवर) सैल आणि पोटावर घट्ट असं विचित्र होतं. आणि मग आपण काय करतो, एक साइज मोठी घेतो, ती खांद्यावरून ओघळते, आणि आपण आहोत त्याच्यापेक्षा दुप्पट दिसतो. मोठी साइज हा उपाय नाहीये, नीट बसलेला कपडा हा उपाय आहे, आणि तो दुकानात नाही टेलरकडे मिळतो. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे, पुढे फक्त कसं करायचं ते आहे.

पैशांचं आधीच सांगते. आठ हजारातले १,८०० आतल्या कपड्यांवर गेले, १,९०० टेलरला, १,५०० पँट आणि लेगिंग्जवर, १,८०० कापडावर आणि १,००० चपलेवर. नीट बघा, नवीन कापडाला जेवढे लागले त्याच्यापेक्षा टेलरला जास्त दिलेत. महिन्याला दोन हजार असं काढलं की घरखर्चाला धक्का लागत नाही, आणि एकदम खर्च न केल्यामुळे चुकाही कमी होतात, कारण पहिल्या महिन्यात जे घ्यावंसं वाटत होतं त्यातलं निम्मं तिसऱ्या महिन्यात नकोच वाटलं.

पहिलं काम, माप

टेप घ्या, वही घ्या, दार लावून घ्या. मुलीची किंवा बहिणीची मदत मिळाली तर बरं, कारण पाठीमागे टेप वर-खाली होतो आणि एकटीला कळत नाही. श्वास आत ओढायचा नाही, पोट आत घ्यायचं नाही. हे मी दोनदा सांगते कारण माप घेताना हात आपोआप टेप आवळतो. छाती, छातीच्या खालचा घेर, कंबर, पोटाचा सगळ्यात मोठा भाग (हा बऱ्याच जणी घेत नाहीत आणि कुर्ता नेमका तिथेच अडतो), सीट, एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोल्डर, दंडाचा घेर, मुंढा, आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उंची. सगळं इंचात लिहा आणि वर तारीख टाका.

हे अंगाचं माप झालं. कपड्याचं माप वेगळं असतं, आणि ऑनलाइन खरेदीत आपण फसतो ते इथेच. साध्या कॉटनचा, न ताणणारा कुर्ता असेल तर छातीला तीन इंच आणि सीटला तीन ते चार इंच लूज पाहिजे. माझी छाती ३९ आहे, म्हणजे तयार कुर्ता ४२ हवा. आता ऑनलाइन चार्टवर एक्सएल म्हणजे ४२ लिहिलेलं असतं, पण ते कपड्याचं माप की अंगाचं हे कुठे वर तर कुठे खाली बारीक अक्षरात असतं, कुठे नसतंच. मी असेच तीन एक्सएल मागवले होते, तिन्ही वेगवेगळे निघाले, एक परत घेतला नाही तो अजून पडून आहे. तेव्हापासून मी एकच करते. माझा जो सगळ्यात छान बसणारा कुर्ता आहे तो पलंगावर सपाट पसरवते, काखेपासून काखेपर्यंत मोजते आणि दुप्पट करते, आणि तो आकडा चार्टशी ताडून बघते. एक्सएल, डबल एक्सएल हे शब्द विसरूनच जा, आकडा बघा.

दुसरं काम, आतले कपडे

याला लाजू नका आणि याला शेवटी ठेवू नका. वरचा कुर्ता कितीही चांगला शिवला आणि आतली ब्रा चुकीची असली तर छाती खाली येते, कंबर दिसेनाशी होते, आणि सगळा बांधा एकच चौकोन वाटतो. आपल्यातल्या बऱ्याच जणी लग्नाच्या वेळी जो नंबर सांगितला तोच आयुष्यभर सांगतात.

नंबर काढायची रीत सोपी आहे. छातीच्या खालचा घेर घट्ट टेप लावून मोजा, जवळच्या सम आकड्याला न्या, तो झाला बँड. मग छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागी सैल टेप लावा आणि त्यातून बँड वजा करा. एक इंच फरक म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी, चार म्हणजे डी. माझा खालचा घेर ३५, म्हणून बँड ३६, छाती ३९, फरक तीन, म्हणजे ३६ सी. आणि मी बारा वर्षं ३८ बी घालत होते! या दोन्हींचा कप साधारण सारखाच असतो, म्हणून पुढून मला कधी काही चुकतंय असं वाटलं नाही, पण बँड सैल असल्याने मागून पट्टी वर चढायची आणि सगळं वजन खांद्याच्या पट्ट्यांवर यायचं, खांद्यावर लाल रेघा उठायच्या. ही खूण लक्षात ठेवा, मागची पट्टी जमिनीला समांतर राहिली पाहिजे. नवीन ब्रा सगळ्यात बाहेरच्या म्हणजे सैल हुकावर नीट बसली पाहिजे, कारण धुऊन धुऊन ती ताणली जाते आणि तेव्हा आतले हुक कामी येतात.

तीन पुरतात, दोन फिरवायला आणि एक बाहेर जायची. अंगाच्या रंगाच्या घ्या, पांढऱ्या कुर्त्यातून पांढरी ब्रा जास्त दिसते. आणि ब्लाऊजचं, कुर्त्याचं माप नवीन ब्रा घालूनच टेलरला द्यायचं, म्हणजे पहिल्या कामातलं छातीचं माप आता परत एकदा घ्यावं लागेल, माझं स्वतःचं पाऊण इंच बदललं.

तिसरं काम, कपाट रिकामं करणं

रविवारी दुपारी करा, घाईत करू नका. सगळं, अगदी सगळं बाहेर काढायचं. घरातले पोहे-जिलेबी खाऊन झोपले की सुरुवात करा म्हणजे कोणी "हे का काढतेस" म्हणून मध्ये येत नाही. एकेक कपडा घालून आरशासमोर उभं राहायचं. नुसतं हँगरवर बघून ठरवायचं नाही.

जे आज बसतंय आणि आवडतंय ते एका बाजूला, आणि हा ढीग लहान निघाला तर घाबरू नका, माझा अकरा कपड्यांचा होता. जे आवडतंय पण बसत नाही ते दुसरीकडे, हा टेलरचा ढीग. जे बसतंय पण आवडत नाही ते तिसरीकडे, आणि हा ढीग डोळे उघडतो, कारण यात सेलमधले, कोणी दिलेले, रंग आवडला म्हणून घेतलेले असे सगळे निघतात आणि आपले पैसे कुठे जातात ते कळतं. माझ्या त्या ढिगात चार हिरवे ड्रेस होते. नवरात्रातल्या रंगांसाठी घेतलेले. नऊ रंग पाळायची हौस मलाही आहे पण त्यासाठी आता मी कपडे घेत नाही, ओढणी नाहीतर बांगड्या त्या रंगाच्या घालते. आणि चौथा ढीग भावनेचा, म्हणजे लग्नातला शालू, आईची साडी, मुलीच्या बारशाची साडी. त्याला हातच लावायचा नाही, तो कपाटात वरच्या खणात जाईल, पण रोजच्या कपड्यांत मिसळायचा नाही. या साड्या मलमलच्या कापडात गुंडाळा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला, नाहीतर जरीचे धागे त्याच घडीवर तुटत जातात.

"बारीक झाले की घालीन" असा एक पाचवा ढीग मनात असतो. माझ्याकडे तो एक पूर्ण बॅग भरून होता. मी त्यातले तीन ठेवले आणि बाकी दिले. ज्या कपाटात रोज सकाळी दहा कपडे तुम्हाला नाही म्हणतात तिथे अकरावा हो म्हणतोय हे दिसतच नाही.

द्यायचे कुठे? चांगले असतील ते कामवाल्या ताईंना विचारून द्या, विचारून म्हणजे त्यांना त्यांच्या मापाचं आणि आवडीचं निवडू द्या. सुती साड्या गोधडीसाठी ठेवा. बोहारीण येत असेल तर तिला द्या. आणि दोन-तीन जुने जोड रंगपंचमीसाठी नक्की ठेवा, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेलं की अंगावरचं परत घालण्यासारखं उरत नाही.

चौथं काम, टेलर

आता खरं काम. टेलरच्या ढिगातला प्रत्येक कपडा उलटा करा आणि साइडच्या शिलाईत किती कापड दाबलेलं आहे ते बघा. याला ते मार्जिन म्हणतात. हिशोब असा आहे की एका कुर्त्याला दोन साइड, प्रत्येक साइडला पुढचं आणि मागचं असे दोन पदर, म्हणजे चार पदर झाले. प्रत्येक पदरातून अर्धा इंच जरी सोडला तरी कुर्ता दोन इंच मोठा होतो. म्हणजे ३९ छातीला घट्ट होणारा ४० चा कुर्ता एका अर्ध्या तासाच्या कामात ४२ झाला. माझे असे सात कुर्ते निघाले, आमच्या कॉलनीतले मास्टरजी एका कुर्त्याचे ५० रुपये घेतात, म्हणजे साडेतीनशे रुपयांत सात कुर्ते. कोणत्या सेलमध्ये मिळतात सांगा.

रेडीमेड कुर्तीत मात्र बऱ्याचदा मार्जिन नसतंच. मी एक निळी कुर्ती घेऊन गेले तर मास्टरजींनी चष्मा वर सरकवला, शिलाई बोटात धरून उलटी केली आणि म्हणाले, "दीदी, इसमें तो कुछ छोड़ा ही नहीं, देखो, पाव इंच है।" मग त्यांनीच उपाय सांगितला. त्या कुर्तीवरची ओढणी घालायची नव्हती मला कधीच, त्या ओढणीतली दोन इंचाची पट्टी काखेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूला लावली, आणि ती आता डिझाइनच वाटते, ऑफिसात दोघींनी विचारलं कुठून घेतली.

ब्लाऊजचं वेगळं. ब्लाऊज छातीत क्वचित अडतो, तो मुंढ्यात आणि दंडात अडतो, म्हणून नुसती साइड सोडून भागत नाही. बाहीच्या खाली काखेत चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा छोटा जोड, लावून घ्या, साडी नेसल्यावर ती दिसत नाही आणि हात वर होतो. कळीचं कापड जुळलं नाही तर त्याच रंगाचं साधं रुबियाचं (ब्लाऊजचं सुती कापड) चालतं. बारामधले आठ ब्लाऊज असे वाचले, चारांचं कापडच विरलं होतं.

नवीन शिवायला टाकताना कॉटन आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच द्या. मी एकदा घाईत तसंच कापड दिलं आणि जिथे शिवलं त्यांनीही विचारलं नाही, पहिल्या धुण्यात अस्तर आटलं, वरचं कापड नाही आटलं, आणि सगळ्या कुर्त्याला पुढून सुरकुत्यांची झालर आली. ६०० रुपये शिलाई गेली. आणि अजून एक, मापाला म्हणून जुना कुर्ता देऊ नका. त्यात जुनंच माप आहे. अंगावरून माप द्या आणि मार्जिन एक-एक इंच सोडायला सांगा, वहीतलं तुमचं माप त्यांच्याशी ताडून बघा.

टेलर नवीन असेल तर पहिल्यांदा साधं स्वस्त कापड द्या. दिवाळीच्या आणि लगीनसराईच्या आधीच्या महिन्यात टाकूच नका, तेव्हा त्यांनाही वेळ नसतो आणि काम उरकलं जातं. आषाढात पावसात जा, मनापासून बसून शिवून देतात.

काय शोभतं ते कसं ओळखायचं

याच्यावर बायका फार भांडतात, सफरचंदासारखी अंगयष्टी आणि नाशपातीसारखी वगैरे, मला त्या फळांचा काही उपयोग झाला नाही. मी फोन खिडकीशी टेकवून ठेवला, टायमर लावला आणि जे अकरा कपडे आवडीचे होते ते घालून समोरून आणि बाजूने फोटो काढले. आरशात आपण नकळत उभं राहणं बदलतो, फोटोत तसं होत नाही. मग ते फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले की ज्यात मी छान दिसतेय त्या कपड्यांत सारखं काय आहे. माझं उत्तर निघालं: व्ही गळा, कोपराच्या जरा खाली येणारी बाही, आणि गुडघ्याच्या खाली जाणारी लांबी. तुमचं वेगळं निघेल, पण काही गोष्टी बहुतेकींना लागू होतात त्या सांगते.

कुर्ता किंवा बाही जिथे संपते तिथे डोळा थांबतो. म्हणून कुर्ता मांडीच्या सगळ्यात रुंद जागी संपू नये, बाही दंडाच्या सगळ्यात भरलेल्या जागी संपू नये. फक्त दीड इंच खाली नेली की फरक दिसतो. साइड कट कमरेपासून सुरू झाला तर पोटावर दोन्ही पाखं उघडतात आणि पोटच पुढे दिसतं, तो सीटच्या हाडापासून खाली सुरू करायला सांगा. अगदी सरळ कुर्त्यापेक्षा किंचित ए-लाइन, म्हणजे खाली पसरत जाणारा, पोटावरून सुटा पडतो. प्रिन्सेस कटच्या दोन उभ्या शिलाया छातीला आणि कमरेला आकार देतात, त्यासाठी टेलर शंभर रुपये जास्त घेतो, द्या. आणि खांद्याची शिलाई बरोबर खांद्याच्या हाडावर आली पाहिजे. बाकी सगळं अल्टर होतं, खांदा करणं अवघड, म्हणून रेडीमेड घेताना खांदा आधी बघायचा.

रंगाचं असं की केस पांढरे व्हायला लागले की चेहऱ्याला पूर्वी जे रंग उठून दिसायचे ते कधी कधी फिके पाडतात. मला बिस्किटी रंग आवडायचा, आता त्यात आजारी दिसते. घरातल्या चार साड्या घ्या, दिवसा खिडकीत उभ्या राहा, एकेक पदर हनुवटीखाली धरा आणि साडीकडे नाही डोळ्यांकडे बघा. डोळ्याखालची काळी वर्तुळं कमी दिसली तर तो रंग तुमचा. नकोसा रंग आवडतच असेल तर तो सलवारीत घाला, चेहऱ्यापासून लांब.

या वयात अचानक घाम फुटतो, गरम होतं, पाच मिनिटांनी थंडी वाजते, ते ज्यांना होतं त्यांनी अंगाला चिकटणारं सिंथेटिक टाळाच. कॉटन, मलमल, आणि वरून काढता येईल असं काहीतरी हलकं. इंदूरची दुपार आणि संध्याकाळ यात तसाही फरक असतो, माळव्याची संध्याकाळ थंड होते, म्हणून वरचा एक हलका थर वर्षभर उपयोगी पडतो.

बाजार

आता जायचं. यादी घेऊन जायचं, आणि यादीत फक्त तेच ज्याच्यामुळे घरातले कपडे परत चालू होतात. माझ्या यादीत वर काय होतं सांगू? एक काळी आणि एक ऑफ-व्हाइट सरळ पँट. कारण सात कुर्ते तयार होते पण खाली घालायला जुन्या ढिल्या लेगिंग्ज होत्या. त्यातली एक पँट ६५० ला घेतली, आतापर्यंत ऐंशी वेळा तरी घातली असेन, म्हणजे एका वेळेला आठ रुपये पडली. आणि कपाटात २,४०० ची साडी आहे ती दोनदा नेसले, एका वेळेला बाराशे. मी आता प्रत्येक गोष्ट घेताना हा हिशोब करते.

कापड घ्यायचं तर महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटकडे जा, तिथे होलसेलचं काम जास्त असलं तरी मीटरने देणारी दुकानं मिळतात. साड्या आणि ड्रेस मटेरियलसाठी शीतलामाता बाजार. राजवाड्याच्या आजूबाजूला फुटपाथवर ओढण्या, लेगिंग्ज, पेटीकोट स्वस्त मिळतात, भाव करा. सकाळी अकराच्या सुमारास जा, गर्दी कमी आणि दुकानदार शांत. कार आत नेऊ नका. कापड आवडलं की दुकानाच्या दाराशी आणून उन्हात बघा, आतल्या पिवळ्या दिव्यात मरून आणि तपकिरी यातला फरक कळत नाही. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी विचारा, ४४ इंचाचा पन्हा असेल तर कुर्त्याला साधारण अडीच मीटर लागतं, ३६ चा असेल तर जास्त, आणि दुकानदाराने "दो मीटर में हो जाएगा" म्हटलं तरी आधी मास्टरजींना फोन करा.

आपल्या भागाचं कापड घ्या असं मी मनापासून सांगेन. धार जिल्ह्यातलं बाग प्रिंट, लाल आणि काळ्या ठशांचं, बाघिनी नदीच्या पाण्यात धुतलेलं. रोज घालायला इतकं छान कॉटन दुसरं नाही. पहिल्या दोन वेळा वेगळं, थंड पाण्यात धुवा. मोठ्या ठशांपेक्षा मध्यम ठसा भरलेल्या अंगावर शांत दिसतो.

आणि माहेश्वरी. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केलं, महेश्वरला राजधानी नेली आणि तिथे विणकर वसवले, ती परंपरा अजून चालू आहे, आणि आपण इंदूरकर तिथून फक्त साधारण ९० किलोमीटरवर राहतो. या साडीचा ताणा म्हणजे उभा धागा रेशमाचा आणि बाणा म्हणजे आडवा धागा सुताचा असतो, म्हणून ती अंगाबरोबर पडते, फुगत नाही, म्हणजे भरलेल्या अंगाला ऑर्गेंझा किंवा टिश्यूपेक्षा कितीतरी चांगली. तिचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून साडी उलटसुलट नेसता येते, एका बाजूला डाग पडला तर दुसरी आहेच. काठावर चटाई, ईंट, चमेलीचं फूल अशी नक्षी असते, बारीक काठ घ्या, रुंद काठ उंची तोडतो. पहिली वेळ असेल तर आधी मृगनयनी म्हणजे सरकारी एम्पोरियममध्ये जाऊन नुसतं हात लावून बघा, खरं कापड कसं लागतं ते बोटांना कळू द्या, मग बाहेर घ्या. रेशमाची शंका आली तर पदराच्या टोकाचा एक धागा मागून घ्या आणि घरी जाळून बघा, रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

साडी तीच, नेसणं थोडं बदला

नवीन साडी घ्यायच्या आधी परकर बदला. नाडीचा सहा कळ्यांचा घेरदार परकर कमरेवर चुण्या करतो, म्हणजे साडीच्या आत आधीच एक थर वाढला. वर सपाट पट्टा आणि खाली कमी घेर असलेला घ्या, आणि नाडीची गाठ पुढे न मारता डाव्या बाजूला मारा. ही एक गाठ हलवून माझ्या आत्याचं पोट इंचभर कमी दिसायला लागलं, आत्या स्वतः आरशात वळून वळून बघत होती. निऱ्या पाच-सहाच, आणि नाभीवर नाही तर किंचित डावीकडे खोचा. परकर बेंबीच्या खाली फार उतरवू नका, पोट वर येतं. खांद्यावरचा पदर बारीक चुण्या करून पिन केला की उभी रेघ पडते, मोकळा पदर घ्यायचा तर साडी हलकी पाहिजे.

चप्पल संध्याकाळी घ्या, दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो आणि तेव्हा जी बसते ती कायम बसते. दीड इंचाची जाड सपाट टाच, अंगाच्या किंवा तपकिरी रंगाची, साडीवरही चालते आणि पँटवरही. माझे हजार रुपये यातच गेले आणि त्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप नाही झाला.

माहेश्वरीचं एवढं लिहिलं म्हणून आईच्या साडीचं सांगून टाकते. भावनेच्या ढिगाला हात लावायचा नाही असं वर लिहिलंय, पण एक मी बाहेर काढली होती. आईची जांभळी माहेश्वरी, बारीक चटाईचा काठ. ट्यूबलाइटसमोर धरली तर घडीच्या रेषेवर केसासारख्या चिरा होत्या, ताण्याचं रेशीम तुटत होतं, नेसली असती तर पहिल्याच वेळी फाटली असती. मास्टरजींकडे नेली, त्यांनी ती काउंटरवर पसरली, बराच वेळ नुसता हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "इसको सहारा चाहिए, अस्तर के बिना मत पहनना।" जिथे कापड धड होतं तिथून त्यांनी बिनबाहीचं, गुडघ्यापर्यंतचं जॅकेट काढलं, आत पूर्ण सुती अस्तर, पुढे दोन्ही कडांना आईच्या साडीचा काठ वरपासून खालपर्यंत उभा लावला. ऑफ-व्हाइट पँट आणि जुना पांढरा कुर्ता, त्यावर हे. शिलाई ७५० पडली. या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेच घालून गेले होते, मावशीने दारातच काठ ओळखला आणि वाण द्यायचं विसरून तो हातात धरून उभी राहिली.